उकळलेले सोयरे

शत्रूचा निःपात करणे हे शौर्य खरे. परंतु शत्रू कोण आणि सोयरा कोण याची पारख न करता जो हात उगारतो, त्याच्या घरी आधी सोयराच मरतो. सासूबाईंच्या हातून घडलेला प्रमाद याच जातीचा होता, आणि तोही केवळ शुचित्वापोटी.

गाव त्यांना 'लखलखबाई' म्हणे. त्यांच्या अंगणात उतरायला धूळसुद्धा कचरत असे. अशा घरात सुनेने कोंबड्या पाळल्या, हेच नवल. त्यात पहिल्या दोन खेपांची निम्मी पिले हगवणीने गेली. धाकट्या दिराने तेव्हाच बजावले, "वहिनी, आता एकच संधी. ही पिलं गेली की शेडमध्ये माझा ट्रॅक्टर!"

तिसऱ्या खेपेच्या दोनशे पिलांबरोबर सुनेने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून पुड्यांचा डबा आणला.

"काय गं यात?"

"जंतू, आई."

"अगं बाई! जंतू विकत आणलेस? शेजारणीच्या मोरीत फुकट मिळाले असते की!"

"हे चांगले असतात हो. पिलाच्या पोटात हे आधी बसले, की वाइटांना जागाच उरत नाही. बाजारच्या गाडीत आधी चढलेला खिडकी सोडतो का?"

सासूबाईंनी मान डोलावली. सून सकाळीच रानात जाई. म्हणून पिलांना पुडीचे पाणी देण्याचे काम त्यांनी आपणहून मागून घेतले.

सहाव्या दिवशी चार पिले हगवणीने मलूल पडली. धाकटा टेप घेऊन शेडची लांबी-रुंदी मोजू लागला. सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ती पाठमोरी आकृती सासूबाईंना पाहवेना. त्या तशाच चालत गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आल्या.

"पाणी कोण देतं?"

"मी देते!" सासूबाई ताठ झाल्या. "पुडी घालते, ढवळते आणि चुलीवर चांगलं खळखळा उकळते. जंतू तो जंतूच. एक जिवंत सुटू दिला नाही!"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो आजी, पाहुणे आवतण देऊन बोलावलेत आणि दारातच मारलेत!"

सुनेचे आवरून धरलेले रडू हसू होऊन फुटले. सासूबाई आधी ओशाळल्या, मग म्हणाल्या, "हस बाई, पोटभर हस. माझा लखलखाट तुझ्या लेकरांच्या जिवावर उठला होता."

आजारी पिले वेगळी काढली, त्यांना औषध दिले. उरलेल्यांच्या गार, निवळ पाण्यात पुडी पडू लागली. धाकटा फिनेलची बाटली घेऊन आला, तेव्हा सासूबाई दारात आडव्या झाल्या. "मागं हो! आत माझे सोयरे आहेत."

चारांतले एक पिलू गेले. बाकी एकशे नव्याण्णव दीड महिन्यात अंगण उकरू लागली. लखलखबाईंनी तेही सोसले. त्यांनीच धाकट्याला हाक मारली, "टेप आण रे. शेड दहा फूट वाढवायचंय. नीट मोज!"

त्या अंगणातील दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या सर्वच जीवांना उदंड आयुष्य लाभो. आणि त्यांना जपणाऱ्या त्या दोघींना एकमेकींचे हसू असेच पुरत राहो.