सुचल्यासारखी उत्तरं

विद्यापीठातली बाई येणार म्हणून भिंगरीच्या आईने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. आधी तिने सगळं लख्ख आवरलं. मग तिच्या लक्षात आलं, की इतकं आवरलेलं घर खोटं दिसतंय. म्हणून रंगाचे डबे पुन्हा जमिनीवर मांडले, दोन पुस्तकं खिडकीत पालथी टाकली आणि टेबलावर भिंगाखाली एक मेलेला भुंगा ठेवला. आपल्या मनाने शिकणारं मूल असलं की घर कसं दिसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

"आई, मी भुंगा बघत बसू?" भिंगरीने विचारलं.

"आत्ता नको. बेल वाजली की बस."

भिंगरी ही तिची अकरा वर्षांची मुलगी. लहानपणी एका जागी टिकत नसे, म्हणून बापाने हे नाव पाडलेलं. दुसरीत असताना कविता शब्दाला शब्द म्हणता आली नाही म्हणून तिला वर्गाबाहेर उभं केलं, आणि आईचं पित्त खवळलं. शाळेत जाऊन तिने मुख्याध्यापकांना तोंडावर सुनावलं, "माझी मुलगी म्हणजे पोपट नाही." दाखला काढला, इमारतींचे नकाशे काढायची स्वतःची नोकरी सोडली आणि पोरीला घरी शिकवायला घेतलं. शिकवलंही अगदी जीव ओतून, खोटं कशाला बोला? स्वयंपाकघराचा नकाशा काढायला लावून अपूर्णांक शिकवले. पोरीला ते इतके पक्के समजले, की बापही कधीकधी तिला हिशेब विचारायचा.

पण नणंद होती ना! ती शाळेत शिकवायची आणि आली की भावाच्या कानाशी लागायची. "पोरगी कुणाशी बोलत नाही रे. खिडकीत बसून रस्ता बघते. वहिनीला कोण सांगणार?" भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा, मुळातच कमी बोलणारा माणूस. ऐकून ऐकून एक दिवस त्यानेही बायकोला सांगून टाकलं, "विद्यापीठवाले घरी शिकणाऱ्या मुलांवर संशोधन करतायत म्हणालीस ना? येऊ दे त्यांना. पोरगी ठीक आहे म्हणाले, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही म्हणाले, तर नव्या वर्षी शाळा."

झालं. आईच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीसाठी नोकरी सोडली, माहेरच्यांशी भांडली, नणंदेची बोलणी खाल्ली, आणि आता कुणी एक परकी बाई तासाभरात येऊन सांगणार, की हे सगळं फुकट होतं की नाही! तिने आपल्यासारख्याच एका आईला फोन लावला. त्यांच्याकडे ही बाई आधीच येऊन गेली होती. काय काय विचारलं, ते सगळं खोदून काढलं. नुसतं माहीत असावं म्हणून हं, असं स्वतःलाच बजावलं. आणि दुसऱ्याच दिवशी भिंगरीला समोर बसवलं.

"तुला मित्रमैत्रिणी आहेत का?"

"हो, वेगवेगळ्या वयाच्या आहेत," भिंगरी म्हणाली.

"अगं, घडाघडा नको! आधी 'अं' म्हण. जरा वर बघ. सुचलंय असं वाटायला हवं."

"अं... हो, वेगवेगळ्या वयाच्या आहेत."

"शाब्बास! आता पुन्हा."

पोर बिचारी गुणी. तिसऱ्या दिवशी तिचे सगळे 'अं' जागच्या जागी पडायला लागले. 'मला काय शिकायचं ते मीच ठरवते' हे वाक्य तर ती असं म्हणायची, की ऐकणाऱ्याचा ऊर भरून यावा. एकदा आईच्या मनात चर्र झालं. हे आपण काय चालवलंय? पण लगेच नणंदेचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तिने मान झटकली आणि पुढचा प्रश्न घेतला.

बेल वाजली. भिंगरी धावत जाऊन भुंग्यासमोर बसली.

विद्यापीठातली बाई जाड चष्म्याची, थकलेली, बोलायला मऊ होती. तिने टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि आईला म्हणाली, "तुम्ही इथंच बसा, पण मध्ये बोलायचं नाही." आई दाराजवळच्या खुर्चीत बसली. हातात कप होता, त्यातला चहा केव्हाच निवला होता.

आधी वाचन झालं, मग गणितं. भिंगरीने ती हातोहात सोडवली. एका गणिताला तर तिने दोन रीती दाखवल्या. चष्मेवाल्या बाईच्या भुवया वर गेल्या आणि आईला आभाळ ठेंगणं झालं. मग प्रश्न सुरू झाले. मैत्रिणी? अं. कंटाळा येतो का? अं. शाळेची आठवण येते का? वर बघून, जरा थांबून, अं. सगळं ठरल्याप्रमाणे. मध्येच बाईने आईकडे नजर टाकली. तेव्हा कुठं आईला कळलं, की मुलीबरोबर आपलेही ओठ हलतायत. तिने ते घट्ट मिटले.

बाईने हातातला कागद बाजूला ठेवला. चष्मा काढून पुसला. आणि सहज गप्पा माराव्यात तशी म्हणाली, "शाळेत जाणारी मुलं शाळा सुटली की घरी जातात. तुझी शाळा कधी सुटते गं?"

भिंगरीने वर बघितलं. "अं..." म्हणाली. आणि पुढे काहीच नाही. रेकॉर्डर चालूच होता. तिने सावकाश मान वळवून आईकडे बघितलं. त्या बघण्यात खोडी नव्हती, राग नव्हता. पेपरात भलतंच काही आलेल्या मुलाचा चेहरा होतो ना, तसा झाला होता.

"आई," ती म्हणाली, "हा प्रश्न आपण घेतला नव्हता."

धरणीने पोटात घ्यावं असं आईला झालं. बाई हसली असती तरी परवडलं असतं. ती हसली नाही. तिने हात पुढे करून रेकॉर्डर बंद केला.

जाताना दारात आई तिच्या मागे लागली. "त्या एका प्रश्नाने गुण जातील का हो?"

"याला गुण नसतात, ताई."

"मग काय लिहिणार तुम्ही?"

"उत्तर आलं नाही, असं." बाई पायरीवर थांबली. "वाचन आणि गणित वयाच्या बरंच पुढे आहे, हे मी आत्ताच सांगू शकते. घरी सांगायला तुम्हाला तेवढंच हवंय ना?"

आईने होकारार्थी मान हलवली. खरंच तेवढंच हवं होतं तिला. बाई गेली.

संध्याकाळी भिंगरीचा बाप आला, साबणाने हाताचं ग्रीस घासत उभा राहिला. "काय म्हणाली ती?"

"वयाच्या पुढे आहे म्हणाली."

"बाकी काही?"

"बाकी काही नाही."

"मग संपलं की! जिंकलीस बाई तू." तो अगदी मनापासून हसला आणि तिच्यादेखत बहिणीला फोन लावून म्हणाला, "ताई, आता या विषयावर बोलायचं नाही." हेच ऐकायला आई इतकी वर्षं तळमळली होती. आता ऐकलं, तर ती पानं वाढायला उठून गेली.

जेवणं झाल्यावर भिंगरी टेबलाशी बसून भुंगा डबीत ठेवत होती. आई तिच्याजवळ खुर्ची ओढून बसली. तिच्या केसांवरून हात फिरवला.

"भिंगरे, त्या बाईंनी शेवटी विचारलं ना, तुझी शाळा कधी सुटते म्हणून... मला सांग ना. अगदी खरं खरं सांग. मी मुळीच रागावणार नाही."

भिंगरीने आईच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. मग डबी बाजूला सारली, पाठ ताठ केली आणि रोज बसायची तशी हात मांडीवर ठेवून बसली.

"तू सांग ना काय म्हणायचं. मी लगेच पाठ करते," ती म्हणाली. "आधी 'अं' म्हणायचं का?"