लेंडी न घातलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आयुष्यात एकदाच मला मानाचं काम मिळालं. काम काय, तर उपाशी राहायचं! तेवढंही मला कोणी जमू दिलं नाही.

माझ्यातलं गोडेतेल संपलं आणि मी राहू नावाच्या गावात मेंढपाळ आण्णांच्या घरी मेंढ्यांना पाणी पाजू लागलो. "डबा लई गुणाचा," असं आण्णा म्हणायचे. त्यांच्या मेंढ्या दर उन्हाळ्यात गावातल्या बागायतदार बापूसाहेबांच्या रानात बसायच्या. रानाला लेंडीखत मिळायचं, आण्णांना धान्य आणि मेंढ्यांना चारा. अठ्ठ्याण्णव साली मात्र बापूसाहेब म्हणाले, "आता युरिया हाय की. मेंढ्या कशाला?" ते रान बंद झालं तर कळप विकावाच लागणार होता.

आण्णांची लेक मोनिका आठवीत होती. तिनं दोन डब्यांत एकाच रानातली माती भरली आणि मक्याचे पाच-पाच दाणे टोचले. शेजारच्या डब्यात लेंडीखत, माझ्यात काहीच नाही.

"ह्यो कंट्रोल, म्हंजी तुलनेला ठिवलेला बिनखताचा डबा," ती मला हात लावून बापूसाहेबांना म्हणाली. "पाणी, ऊन दोघांना सारखंच. ह्याच्यापरीस त्यो मका वर गेला, तर ती लेंडीची करामत."

"बरं," ते म्हणाले, "फरक दिसला तर बसवू मेंढ्या."

पण मोनिकाची आई, कुशाबाई! पोरकं कोकरूसुद्धा दुसऱ्या मेंढीला लावून जगवणारी बाई ती. मोनिका शाळेत गेली की ती माझ्यात मूठभर लेंडी कुस्करायची. "लेकरा, तुलाच का रं उपाशी ठिवलं?" माझा मका तरारला. सांगायला लाज वाटते, पण मी सुखावलो.

महिन्यानं बापूसाहेब आले. दोन्हीकडचा मका हातभर, हिरवागार.

"लेंडी घाला न्हाईतर नका घालू, सारखंच की गं पोरी!"

मोनिकानं माझ्या मातीत बोट खुपसलं. "आये, ह्यात काय घातलंस?"

"थोडी लेंडी, बाई. बघवंना मला."

"आता काय बी सांगाल," म्हणत बापूसाहेब हसले आणि निघून गेले.

आठवड्यात विकलेल्या मेंढ्या न्यायला टेम्पो आला. मेंढ्या चढवताना आण्णांनी कुशाबाईला जवळ येऊ दिलं नाही. ती भिंतीला टेकून रडत होती.

मित्रांनो, माया जरूर करा, पण कुणाच्या कामात हात घालण्याआधी त्याला एकदा विचारा. पुढच्या वर्षी मोनिकानं पुन्हा दोन डबे मांडले. या खेपेला कुशाबाई स्वतः माझ्या राखणीला बसली. पण शेजारच्या डब्यात घालायला अंगणभर शोधूनही लेंडी सापडली नाही.