भरला गडू आणि अण्णांची गाडी

ठाण्याच्या खारकर आळीत अण्णांच्या गाडीला नावं ठेवायची कोणाची छाती नव्हती. मंदाकिनीबाईंना त्यांनी उभ्या संसारात जितक्या वेळा "छान दिसतेस" म्हटलं असेल, त्याहून अधिक वेळा गाडीला म्हटलं होतं, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. गाडी तशी लहानशीच, एका घोडीची, चार चाकांची शिग्राम. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनियराकडून अण्णांनी ती घेतली, तेव्हा ते ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते. आता अण्णा पेन्शनीत निघाले होते आणि गाडीही त्याच वयाला आली होती. फरक एवढाच, की अण्णांचं काही दुखलं तर ते बोलून दाखवत. गाडी थडथडायची.

रतन घोडी सावकाश चालली तर काही नाही. ती जरा दुडक्या चालीवर आली, की खालून थड, थड, थड असे दणके सुरू होत आणि आतल्या माणसाचे दात वाजत. अण्णांना याची सवय झाली होती. किंबहुना गाडीत जीव असल्याची ती खूण आहे, असं ते म्हणत.

दिवाळीला कल्याणहून विहीणबाई आल्या आणि सगळं बिघडलं. आवडाबाई म्हणजे अण्णांच्या वासंतीची सासू, तोंडाने फटकळ आणि अंगाने भारदस्त. स्टेशनापासून घरापर्यंतच्या वाटेत त्यांचा अंबाडा सुटला, पानाचा डबा उघडला आणि काथ-चुना लुगडंभर झाला. दारात उतरून त्या म्हणाल्या, "अण्णा, या गाडीत ताक घुसळायला ठेवत जा. बाजारातून घरी येईपर्यंत लोणी येईल."

विहीण विनोद करते तेव्हा मुलीच्या बापाने हसायचं असतं. अण्णा हसले.

पण पुढे वासंतीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच व्हायचं. कल्याणला डोहाळजेवण झालं, तेव्हा भरल्या घरात आवडाबाईंनी जाहीर केलं, "सुनेला सातव्यात पाठवीन की. पण सोडायला मी स्वतः येणार. मांडीवर काठोकाठ भरलेला गडू घेऊन त्या गाडीत बसणार. पाणी सांडलं, तर पोरीला घेऊन आल्या पावली परत फिरेन. माझं नातवंड काही लोणी नव्हे."

बायका खो-खो हसल्या. ओटीवर जेवत बसलेल्या अण्णांचे हात मात्र ताटातच थांबले. वासंतीच्या आधीची दोन मुलं त्यांनी गमावली होती. ही एकच राहिली, आणि तिच्या बाळंतपणाची त्यांना अशी धास्ती वाटत होती, की ती डोळ्यांसमोर असल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगायची गरज नव्हती.

"भाड्याचा टांगा करू या," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"माझी लेक माझ्या दारात भाड्याच्या टांग्यातून येणार?"

"मग मेणा करा."

"म्हणजे गाडी हरली असं विहीणबाई सगळ्या कल्याणभर सांगत सुटतील."

"हो, ते मात्र वाईट. लेक काय, नातवंड काय, गाडीची अब्रू राहायला हवी," बाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी चौकशी उघडली. जन्म कोर्टात गेलेला, त्यामुळे आधी आरोपी ठरवायचा ही सवय. पहिली आरोपी रतन. ती लंगडते असं अण्णांचं म्हणणं. गाडीवान दौलत हे ऐकून पेटला. "माझी रतन लंगडती? अण्णा, मला बोला, तिला नको."

मग गाडीसुतार मॉरिसला बोलावणं गेलं. मॉरिस गाडीखाली शिरला, बराच वेळ शिरलेलाच राहिला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "आस वाकलाय. नायतर कमानी बसल्यात."

"यातलं नक्की काय?"

"दोन्ही काढून बघू. मंग कळेल."

दोन चाकांमधला आस काढला, तर तो सरळसोट निघाला. बैठकीखालच्या पोलादी कमानी बदलल्या. थडथड होती तशीच. मॉरिसने डोकं खाजवलं आणि तोही रतनकडे संशयाने पाहू लागला. दौलतने दोघांकडे पाठ फिरवली.

शेवटी अण्णांनीच युक्ती काढली. घोडीला गाडीतून सोडायचं, दौलत आणि मॉरिस यांनी गाडी ओढायची, आणि अण्णांनी मांडीवर भरला गडू घेऊन आत बसायचं. घोडी निर्दोष असेल तर पाणी तरीही सांडेल. सगळी आळी ओट्यांवर येऊन बसली. निवृत्त शिरस्तेदार पगडी घालून, मांडीवर गडू सांभाळत, दोन धापा टाकणाऱ्या माणसांकरवी तळ्याच्या दिशेने निघालेले लोकांनी पाहिले. दोघे पळायला लागले आणि थडथड सुरू झाली. अण्णांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं.

"सुटली रतन!" दौलत ओरडला. त्याला धाप लागली होती, पण चेहरा असा फुलला होता, जणू त्याचीच सुटका झाली.

अण्णा खाली उतरले. "आता रिकामी ओढा," म्हणाले, आणि स्वतः मागच्या उजव्या चाकाशेजारी वाकून वाकून चालू लागले. त्या चाकाच्या कडेवर शेंदराचं स्वस्तिक होतं. दर दसऱ्याला मंदाकिनीबाई गाडीची पूजा करून ते त्याच जागी पुन्हा ठसठशीत काढत. अण्णांची बसायची बाजू तीच. स्वस्तिक वर गेलं, पुढे आलं, खाली आलं आणि थड. पुन्हा वर, पुढे, खाली, थड.

अण्णांचा चेहरा उतरला. "देवाचा कोप आहे," ते हळूच म्हणाले.

मंदाकिनीबाई मागोमाग आल्याच होत्या. त्यांनी गाडी थांबवायला लावली, स्वस्तिकाजवळ बोटं फिरवली आणि नख आत घातलं. चाकाच्या लाकडी कडेला तिथे फट होती, आतले आरे हलत होते, आणि कडेभोवतीची लोखंडी धाव सैल पडली होती. समोरची अर्धी बाजू मात्र गच्च, एकजीव.

"कोप कसला आलाय? इथलं लाकूड वाळून खडखडीत झालंय. चाक तळ्यात भिजवता ना तुम्ही?"

"दर रविवारी भिजवतो!" अण्णा म्हणाले. हे खरं होतं. लाकूड वाळून आक्रसलं की धाव सैल होते, म्हणून सगळेच गाड्या पाण्यात उभ्या करतात. पाणी चाकाच्या मधल्या तुंब्याच्या जरा खालपर्यंत येतं आणि चाकाचा खालचा अर्धा भाग भिजतो. एका रविवारी एक बाजू, दुसऱ्या रविवारी दुसरी, असं ते आपोआप होतं. "विचार दौलतला."

दौलत पायाने माती उकरू लागला. "भिजवतो की. पण अण्णा, तुम्हीच बोललेलात, स्वस्तिक पाण्यात बुडवायचं नाय, पाप लागतं. म्हणून मी मागलं चाक असं लावतो, का ते दर वेळी वरच राहील. इतक्या वर्षांत एकदा नाय चुकलो."

हुकूम त्यांचाच होता. आणि नोकर असा, की ज्याने तो कधी मोडला नाही.

"म्हणजे अर्धं चाक इतकी वर्षं उपाशी," मॉरिस म्हणाला.

"आणि तेही देवाच्या नावाने," मंदाकिनीबाई म्हणाल्या. अण्णांनी पाहिलं तर त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. थोडा वेळ ते रागावून उभे राहिले, पण मग त्यांनाही हसू आवरेना.

मॉरिसने चाकाची वाळलेली अर्धी बाजू नवीन बसवली, धाव लालबुंद तापवून चढवली आणि चाक सबंधच्या सबंध मासुंदा तळ्यात लोटलं. चर्र आवाज झाला, वाफ उठली. स्वस्तिक कुठे काढायचं हा प्रश्न बाईंनी सोडवला. त्यांनी ते तुंब्यावर, अगदी मधोमध काढलं. "इथे देव भिजतही नाही आणि उपाशीही ठेवत नाही," त्या म्हणाल्या.

ठरल्या दिवशी कल्याणची आगगाडी ठाण्याला लागली. वासंती जड पावलांनी उतरली, आणि मागून आवडाबाई, हातात गडू. स्टेशनातल्या नळावर त्यांनी तो स्वतः काठोकाठ भरला. अण्णा दौलतशेजारी पुढे बसले, कारण मागे बसून तो गडू बघण्याची त्यांची ताकद नव्हती. रतन दुडक्या चालीवर आली. टापांचा आवाज येत होता, चाकांची घरघर येत होती. मागून कोणीच काही बोलत नव्हतं. बाजारपेठ गेली, तळं गेलं. अण्णांना वाटलं, आता बोलतील, आता बोलतील.

गाडी दारात थांबली. अण्णा उडी मारून खाली आले आणि मागे गेले. आवडाबाईंच्या मांडीवरचं लुगडं कोरडं होतं. गडू काठोकाठ होता.

"काय हो अण्णा," वासंती म्हणाली, "ही आपलीच गाडी ना?"

"द्या, द्या, मी घेतो," म्हणत अण्णांनी विहीणबाईंच्या हातातून गडू घेतला. घेतला खरा, पण त्यांचे हात असे लटलटा कापत होते, की पाणी डचमळलं आणि निम्म्याहून अधिक त्यांच्याच अंगरख्यावर, उरलेलं उंबऱ्यावर सांडलं.

अट अटच होती. पाणी सांडलं होतं.

आवडाबाईंनी अण्णांच्या हातांकडे पाहिलं. कल्याणला ओटीवर जेवता जेवता थांबलेले हेच हात त्यांनी तेव्हाही पाहिले असावेत. त्यांनी रिकामा गडू काढून घेतला आणि मंदाकिनीबाईंकडे दिला.

"गाडीची थरथर गेली कुठे, ते कळलं मला," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा फटकळ नव्हता. "पोर तीन महिन्यांचं होईपर्यंत सून इथेच राहू दे. बापाच्या जवळ."

मग वासंतीने बापाचा ओला हात धरला, आणि ती दोघं उंबरा ओलांडून आत गेली.