माझा दहावा

मी मेल्याचा फ्लेक्स गावच्या चौकात लागला, त्या दिवशी मी मुखेडच्या बाजारातून कांदे घेऊन येत होते. एसटीतून उतरले आणि समोर मीच. अंगणवाडीतून निवृत्त झाले तेव्हाचा शालीतला फोटो, खाली ‘सिंधुबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याच्या खाली शोकाकुल म्हणून हात जोडलेला माझा दीर शेषेराव. त्याचा फोटो माझ्या फोटोपेक्षा मोठा होता. माझ्या मरणातसुद्धा त्याला स्वतःचंच तोंड दाखवायचं होतं.

माझा गुन्हा एवढाच, की नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी लिंबाजी सोनकांबळे यांच्याशी नांदेडला जाऊन रजिस्टर लग्न केलं. लिंबाजी मुखेड डेपोतून निवृत्त झालेले कंडक्टर. आम्ही मराठे, ते बौद्ध. त्यांचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बुद्धनगरात. महिन्याच्या मीटिंगला मी तालुक्याला जायची, तेव्हा वीस वर्षं त्यांनी मला तिकीट दिलं आणि ‘बाई’ सोडून दुसऱ्या शब्दानं कधी हाक मारली नाही. त्यांची बायको गेली, नोकरीतून आम्ही दोघंही सुटलो, आणि मग एक दिवस स्टँडवर चहा पिताना लक्षात आलं, की आता तालुक्यात दोघांचंही काही काम नसतं, तरी दोघंही येतो.

भावकीची बैठक बसली. शेषेरावनं जाहीर केलं, आमची वहिनी मेली. त्याच दिवशी माझी म्हणून कणकेची बाहुली करून नदीकाठी जाळली आणि दहाव्याची तारीख धरली. पिंडाला कावळा शिवला की विषय संपला. मग माझं नाव घरात काढायचं नाही, वाटेत भेटले तर माझ्याशी बोलायचं नाही, नातीच्या, दीपमालाच्या, लग्नात मी पाऊल ठेवायचं नाही. आणि हे सगळं माझ्या शिवप्रसादच्या हातून, कारण अग्नी आणि पिंड मुलानं द्यायचा. त्यानं ‘नाही’ म्हटलं असतं तर मी एक वेळ शेषेरावलाही सोडून दिलं असतं. तो ‘बरं’ म्हणाला.

मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी राग आला, आणि राग मला चांगला मानवला. भूक लागायला लागली.

“भाताचे गोळे हायत ते, बाई,” लिंबाजी म्हणाले. “मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. आमच्यात पिंड न्हाई, श्राद्ध न्हाई. तुम्ही कशाला जीव जाळून राहिल्या?”

“तुमच्यात न्हाई, माझ्यात हाय. सासूच्या पिंडापाशी, नवऱ्याच्या पिंडापाशी कावळ्याची वाट बघत उभी राहिलेली बाई हाय मी. कावळा शिवला की मी त्या घरातून गेलेच म्हणून समजा.”

“मग काय करायचं?”

“कावळ्यांना जेवू घालायचं. आपल्या गच्चीवर. त्याच टायमाला.”

“ह्यानं त्या थोतांडाला मान दिल्यासारखं न्हाई का होणार?”

“मी कावळ्याला आवतण देऊन राहिले, थोतांडाला न्हाई.”

“पाखराला चारू नये असं आमच्या कुठल्या प्रतिज्ञेत न्हाई,” ते शेवटी म्हणाले, आणि चप्पल घालून चिकनवाल्याकडे आतडी मागायला गेले. त्या क्षणी मला हा माणूस लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आवडला.

मधले सगळे दिवस आम्ही कावळ्यांना सवय लावली. कोंबडीची आतडी, शिळी भजी, शेव, उकडलेली अंडी. दहाव्याच्या दिवशी सकाळी साडेसहालाच गच्ची काळी झाली होती. गावातला एकही कावळा बाहेर राहिला नसावा. गच्चीवरून नदी दिसते. मी छत्री धरून खुर्ची टाकली आणि माझा दहावा बघत बसले.

नऊ वाजले, दहा वाजले. मे महिन्याचं ऊन. पत्रावळीवर पिंड, बाजूला वरण, वडे, आणि सगळी भावकी माना वर करून उभी. अळणी भात खायला कोण कावळा एवढा लांब जातो? तिथं काय काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, ती पुरी करू असा शब्द द्यावा लागतो. मग शब्द द्यायला सुरुवात झाली. दीपमालाला पुढं शिकवू. सिंधुनं लावलेलं लिंबाचं झाड तोडणार नाही. तिची म्हैस विकणार नाही, असा शब्द शेषेरावनं दिला. म्हैस त्यानं बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी विकली होती.

बारा वाजता विधी करणारे महाराज म्हणाले, दर्भाचा कावळा करू आणि शिववू. शेषेरावच्या ऐंशी वर्षांच्या चुलतीनं, सरजाबाईंनी, ते उडवून लावलं. “जित्या बाईचा दहावा करता, अन् वर गवताचा कावळा? लोक तोंडात शेण घालतील!” कावळा शिवल्याशिवाय जेवायचं नाही. पोरं रडायला लागली, म्हातारी माणसं सावलीला आडवी झाली.

दीड वाजता सरजाबाई काठी टेकत आमच्या दारात आल्या.

“सिंधु, तुझी काय इच्छा राहिली ती सांग, माय. माणसं उपाशी हायत.”

“मेलेल्या बाईला विचारायला आलात, काकी?”

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

“भाऊजींना पाठवा,” मी म्हणाले. “पायी. ह्याच दारात. त्यांनाच सांगते.”

शेषेराव आला. मागं निम्मी भावकी आली, आणि बुद्धनगरातली सगळी माणसं आपापल्या ओट्यावर येऊन उभी राहिली. हा माणूस मतं मागायला पाच वेळा या गल्लीत आला होता, दर वेळी स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. आज हात रिकामे होते आणि ओठ सुकून पांढरे पडले होते.

“या, शेषेराव,” लिंबाजी म्हणाले आणि माठातून तांब्या भरून आणला.

“आधी ह्यांच्या हातचं पाणी प्या,” मी म्हणाले. “मग मोठ्यानं सांगा, वहिनी जिवंत हाय. एवढीच इच्छा राहिली माझी.”

त्यानं मागं वळून भावकीकडे पाहिलं. कोणी त्याच्या मदतीला येईना, सगळ्यांना भुका लागल्या होत्या. तो प्याला. घटाघटा, तांब्या रिकामा होईपर्यंत. मग पुटपुटला.

“ऐकू न्हाई आलं,” मी म्हणाले.

“आमची वहिनी जिवंत हाय!” तो ओरडला, आणि ओट्यांवर जी हसण्याची लाट उठली ती त्याला वेशीपर्यंत पुरली. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. जिवंत बाईचा कसला दहावा, म्हणत महाराजांनी पिंड नदीत सोडले आणि माणसं जेवायला बसली.

शिवप्रसाद तेवढा जेवायला गेला नाही. तो आमच्या फाटकाशी उभा होता. अंगावर ओलं धोतर, आणि डोक्याचा गोटा. आपल्या पोटच्या पोराला आपल्यासाठी गोटा केलेला बघणं कोणत्याही आईच्या वाट्याला येत नाही. माझ्या आलं.

“आई, चुकलं माझं,” तो म्हणाला. “आत येऊ का?”

लिंबाजी फाटक उघडायला निघाले. मी त्यांचा हात धरला.

“डोकं कोणासाठी केलंस?”

त्यानं डोक्यावरून हात फिरवला.

“बोल की.”

“तुझ्यासाठी.”

“मग ते केस येईपर्यंत मी मेलेलीच हाय. भांग पाडण्याएवढे आले की ये. तवा जेवू घालीन.”

तो उन्हात तसाच उभा राहिला. लिंबाजींनी त्याला पाणी नेऊन दिलं, मी आड आले नाही. पण घरात गेले आणि दाराकडे पाठ करून बसले, कारण तोंड बघितलं असतं तर मी विरघळले असते, आणि मला विरघळायचं नव्हतं.

थोड्या वेळानं लिंबाजी आत आले. “गेला तो,” म्हणाले. “बाई, तुम्ही लई कठोर हाव.”

“त्यानं मला जाळलं,” मी म्हणाले. “मी त्याला नुसतं थांबायला सांगितलं.”