कुलगुरूंचं डुगडुगतं स्टूल

मी एक जुनं लोखंडी स्टूल आहे. चार पाय, वर गोल बैठक आणि पांढरा रंग उडून आतला गंज दिसायला लागलेला. माझा एक पाय नखभर आखूड आहे, त्यामुळे माझा जीव कधी थाऱ्यावर नसतो. कुणी बसलं की मी डुगडुगतो, कुणी उठलं की खुटखुटतो. कामशेतच्या ज्या कारागिराने मला जोडलं, त्याला म्हणे जेवायला जायची घाई झाली होती. मित्रांनो, त्याच्या भुकेची शिक्षा मी आजवर भोगतो आहे.

माझा सध्याचा मुक्काम लोणावळ्याजवळच्या एका विद्यापीठात, थेट कुलगुरूंच्या दालनात आहे. एका बाजूला मऊ सोफा, दुसऱ्या बाजूला काचेचं टेबल आणि मध्ये मी. येणारा प्रत्येक पाहुणा मला पाहून आधी नाक मुरडतो. मुरडू दे. मी इथे वशिल्याने आलो आहे हे खरंच, आणि तो वशिला खुद्द कुलगुरूंचा आहे.

आमची ओळख जुनी. आंदर मावळच्या डोंगराळ भागात एका संस्थेचा छोटा दवाखाना होता. तिथे मी नवाकोरा दाखल झालो, त्याच महिन्यात अनसूयाबाई नर्स होऊन तळेगावहून आल्या. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकी सगळा कारभार बाईंचा. बाई रोग्याच्या खाटेशी मला ओढायच्या आणि बसायच्या. त्यांचं म्हणणं असं की, उभ्याने विचारलं तर माणूस ‘बरंय’ म्हणतो आणि शेजारी बसलं तर खरं बोलतो. त्यांनी मला इतकं ओढलं की माझ्या पायांची रबरं पहिल्याच वर्षी झिजली.

पण बाईंची जीभही तिखट होती. कुणी आठ-आठ दिवसांचा ताप घेऊन आलं की त्यांचा पारा चढायचा. “दुखणं अंगावर काढू नका म्हणून किती वेळा सांगायचं?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला बोलता येत असतं तर तेच पहिलं बोललो असतो. लोक हसून म्हणायचे, “शिस्टर लय वरडत्यात, पन जवळ बसत्यात.”

पुढे दवाखान्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. कोंबड्या माझ्यावर चढून झोपायच्या. त्या दिवसांविषयी मी जास्त बोलणार नाही. फार वाईट वाटायचं. लोणावळ्याच्या एका रुग्णालयात नोकरी लागली तेव्हा बाई सगळ्यांचा निरोप घेत पडवीत आल्या, मला पाहून थबकल्या आणि संस्थेला विचारून जीपच्या टपावर बांधून घेऊन गेल्या.

तिथे त्या मेट्रन झाल्या. नोकरी करता करता शिकत राहिल्या, नर्सिंग कॉलेजात शिकवू लागल्या, पीएचडी झाल्या, प्राचार्य झाल्या आणि शेवटी कुलगुरू. हे मी दोन वाक्यांत सांगितलं, पण त्यात बाईंची उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यांची निवड झाली तेव्हा एक प्राध्यापक दालनाबाहेर म्हणाले, “आता पट्ट्या बांधणाऱ्या बाई विद्यापीठ चालवणार!” दार उघडं होतं. बाईंनी ऐकलं, मीही ऐकलं. बाईंनी समोरची फाइल उघडली. मी मात्र रागाने खुटखुटलो.

त्यांनी उत्तर कामातून दिलं. पहिल्या तासाला काही मुली चक्कर येऊन पडायच्या. सगळे म्हणत, मुली नाजूक झाल्यात. बाई मला घेऊन त्या मुलींपाशी जाऊन बसल्या. तेव्हा कळलं की डोंगराकडच्या गावांना सकाळी एकच बस आहे आणि ती पकडायची म्हणून मुली उपाशी निघतात. त्या आठवड्यापासून विद्यापीठाची खानावळ सकाळी लवकर उघडू लागली. गरम पोहे आणि उसळ. चकरा बंद झाल्या. ते प्राध्यापकही आता तिथेच पोहे खातात.

असं सगळं छान चाललं असताना यंदा पदवीदान समारंभाच्या सुमारास माझी झोप उडाली. बाई एरवी कधी स्वस्थ बसत नाहीत. एकाचं ऐकून झालं की उठून दुसऱ्याकडे, ही त्यांची रीत. पण आता त्या माझ्यावर येऊन बसत आणि उठतच नसत. पाठीला हात लावत, जबडा चोळत. टेबलाच्या खणात पित्ताच्या गोळ्यांची पाकिटं वाढली. शिपाई निवृत्ती काळजीने विचारायचा, “मॅडम, बरं वाटत नाही का?” बाई म्हणायच्या, “काही नाही रे, पित्त उठलंय. समारंभ झाला की बघू.” हे ऐकून मला भीती वाटायला लागली. ज्या बाईंनी अख्खा मावळ दटावला, त्या स्वतःचं दुखणं अंगावर काढत होत्या, आणि मी एक मुकं लोखंड!

समारंभाच्या आदल्या दिवशी आंदर मावळातून हिरामावशी आल्या. त्यांची बाळंतपणं बाईंच्याच हातची. त्यांना सोफ्यावर बसवून बाई माझ्यावर बसल्या.

“चढ चढताना धाप लागती वो शिस्टर,” मावशी म्हणाल्या. “महिना झाला.”

“महिना? आणि आज सांगताय?”

“पित्त हाय म्हनलं.”

बाई उसळल्या. “मावशी, धाप लागते, घाम फुटतो, पाठ भरून येते, त्याला पित्त म्हणतात का? तुम्हाला किती वेळा सांगितलं, दुखणं अंगावर...”

वाक्य तिथेच तुटलं. बाईंचा हात त्यांच्याच पाठीवर होता. मला त्यांच्या अंगाची थरथर जाणवत होती.

मावशी पुढे वाकल्या. “शिस्टर, पंखा तर चालू हाय. तुमाला एवढा घाम का सुटलाय?”

तेवढ्यात कुलसचिव मुकुल सर दारात आले. “मॅडम, रंगीत तालमीला सगळे खोळंबलेत.”

“आले,” म्हणत बाई उठल्या. माझे पाय फरशीवर खरकन वाजले आणि बाई पुन्हा धपकन माझ्यावर बसल्या. मावशींनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“सोडा मावशी, काही नाही झालं. लोक थांबलेत.”

“थांबूद्या. माझ्या पयल्या बाळंतपनात मला उठू दिलं व्हतं का तुमी? मग मी बी न्हाई उठू देनार.”

मित्रांनो, एवढी मोठी बाई, पण त्या क्षणी त्यांचं तोंड अगदी लहान मुलीसारखं झालं होतं. बाहेर लोक वाट पाहत होते, आणि एक शब्द बोलायला त्यांना किती जड जात होतं ते मला कळत होतं. शेवटी त्या दाराशी उभ्या शिपायाकडे पाहून म्हणाल्या, “निवृत्ती, अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव. माझ्यासाठी.” मग धापा टाकतच पुढे म्हणाल्या, “आणि मावशींनाही सोबत घ्या. त्यांचीही तपासणी व्हायला हवी.”

दालन रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी मैदानावरून टाळ्यांचा आवाज येत होता. मुलं पदव्या घेत होती, आणि मला कुणी काहीच सांगत नव्हतं. वारं आलं तरी मी डुगडुगायचो. अखेर निवृत्तीचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. बाईंच्या हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती, ती उघडली. आणखी एक दिवस गेला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. मावशींच्या अंगात रक्त कमी निघालं, त्यांचं गोळ्यांवर भागलं.

बाई आता परत आल्या आहेत. अर्धा दिवस काम करतात. अधूनमधून कुणी तब्येत विचारली की अजूनही त्यांच्या तोंडी ‘काही नाही’ येतं, मग त्या थांबतात आणि खरं काय ते सांगतात. ही सवय त्यांना या वयात लावून घ्यावी लागते आहे.

मित्रांनो, मला माझ्यासाठी काही मागायचं नाही. गंज काढा, रंग द्या, न दिलात तरी चालेल. पण तुम्हाला बोलता येतं, आणि ते मला कधी आलं नाही. आज घरी गेलात की आईला, आजीला, जी सगळ्यांची औषधं लक्षात ठेवते तिला, विचारा की तुला काय होतंय. ती हातातलं काम न थांबवता म्हणेल, “काही नाही रे.”

पुन्हा विचारा.