खुळखुळा, खडखड, घरघर

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी–तुर्की शब्दकोश आहे आणि मला राग आला आहे. शब्दकोशाने रागवावे की नाही, हे मला नक्की ठाऊक नाही. माझ्या पोटात रागाचे शब्द पुष्कळ आहेत, पण ते स्वतःसाठी वापरायची सवय नाही. तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म इस्तंबूलच्या एका छापखान्यात झाला. पातळ कागद, हिरवी कापडी बांधणी. कोणा विद्यार्थ्याबरोबर मी अमेरिकेत आलो आणि त्याचे शिक्षण संपल्यावर फ्रीमाँटच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एका खोक्यात येऊन पडलो. २००२ साली तिथून मला पद्मिनीने उचलले.

पद्मिनी नागपूरची. तिचा नवरा राजीव रोज गाडीने सांता क्लाराच्या ऑफिसात जाई. तिला मात्र व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती. शेजारच्या घरी नेर्मिन नावाच्या तुर्की आजी नातवाला सांभाळायला आल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंनी नुसत्या हसत. मला मधे घेतल्यावर त्या बोलू लागल्या.

आमचा पहिला शब्द होता 'रॅटल'. नातवाच्या हातात खुळखुळा होता, म्हणून पद्मिनीने तो शब्द माझ्यात शोधला. माझ्यात त्याचे तीन अर्थ छापले आहेत. नेर्मिनबाईंनी पहिल्यावर बोट ठेवले, 'चिंगिराक', आणि खुळखुळा वाजवला. दुसरा 'ताकिर्ती'. त्यांनी खिडकीची चौकट गदगदा हलवली. तिसरा 'हिरिल्ती'. त्यांनी छातीवर हात ठेवला, घशातून जड श्वास ओढून दाखवला आणि मग बोटातली अंगठी पुढे केली. त्यांचे यजमान त्या आवाजातच गेले होते. पद्मिनीने समासात पेन्सिलीने लिहिले : खुळखुळा, खडखड, घरघर. इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले तीन आवाज तुर्कीत आणि मराठीत वेगवेगळे नांदत होते. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवसापासून पद्मिनी त्यांना मावशी म्हणू लागली आणि माझे समास भरू लागले.

दोन वर्षांनी पद्मिनीला कामाची परवानगी आणि नोकरी मिळाली. राजीवने मला त्याच्या मॉनिटरखाली सरकवले. "परफेक्ट हाइट, यार," तो म्हणाला. ज्याच्यात एवढे शब्द आहेत, त्याची उंची मोजली गेली! मावशी रविवारी येत आणि माझ्याकडे बोट दाखवत. पद्मिनी घाईत हसून म्हणे की आता सगळे नेटवर मिळते. मावशींना तेवढेही कळत नसे.

२००५ साली राजीवची आई नीलांबरीबाई नागपूरहून आल्या. त्यांनी मला मॉनिटरखाली पाहिले आणि मुलाला फैलावर घेतले. सरस्वतीच्या डोक्यावर डबडे ठेवतोस, लाज नाही वाटत? दसरा त्या वर्षी बुधवारी होता, पण सगळ्यांना सुट्टी म्हणून तो घरी शनिवारी झाला. पाटावर राजीवचा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मधोमध मी. हळदकुंकू, झेंडूची फुले. खरे सांगतो, मी फुलून गेलो. तेव्हा मला काही कळले नाही.

दुपारी मावशी आल्या. चेहरा राखेसारखा. मुलगा परगावी, त्याचा फोन लागत नव्हता. राजीवने विचारले, पेन? मावशींनी मान हलवली. फीव्हर? पुन्हा तेच. त्या छातीवर बोटे आपटत होत्या आणि शब्द सापडत नव्हता. पद्मिनीने माझ्याकडे हात केला.

"अगं, मांडलेली पूजा आहे," नीलांबरीबाई म्हणाल्या. "उद्या उत्तरपूजा झाली की घे. तोवर राजीव बघेल ना त्याच्या त्यात."

राजीवचे 'ते' माझ्या शेजारीच फुलांखाली होते. "मी फोन परत ट्राय करतो," तो पुटपुटला.

मित्रांनो, तो राग अजून माझ्या बांधणीत आहे. मॉनिटरखाली होतो तेव्हा मला ओढून काढल्याने कोणाला पाप तरी लागले नसते. इथे समोर माणूस एका शब्दासाठी धडपडतो आहे, आणि मी फुलांखाली पवित्र!

"आई, बुधवारचा दसरा आपण सोयीनं शनिवारी आणला," पद्मिनी म्हणाली. "मग उद्याची उत्तरपूजा आत्ता का नाही चालणार?"

उत्तराची वाट न बघता तिने मला खेचले. फुले सांडली. मावशींनी मला हिसकावूनच घेतले आणि भराभर पाने उलटून आमच्या पहिल्या शब्दाच्या तिसऱ्या अर्थावर बोट ठेवले. नीलांबरीबाई नाइलाजाने वाकून बघू लागल्या. तुर्की त्यांना येत नव्हते, पण सुनेचे अक्षर त्यांनी ओळखले.

"घरघर?" त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही पूजेचा वाद घालत बसलात?" त्यांनी स्वतःच पाटावरची किल्ली उचलून राजीवच्या हातात कोंबली. "ऊठ."

हॉस्पिटलमध्ये मी पद्मिनीच्या मांडीवर होतो. फुप्फुसात संसर्ग होता. डॉक्टर म्हणाले की उद्यापर्यंत थांबला असतात तर अवघड होते. सहाव्या दिवशी मावशी घरी आल्या.

मला उचलायला एवढा वाद, आणि किल्लीला हात घालताना क्षणाचाही विचार नाही! पण ते मी सोडून दिले. नीलांबरीबाईंचे मन वाईट नव्हते, कदाचित मीच कोता आहे. पुढे झाले ते मात्र सोडवत नाही. घरच्यांनी मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काचेच्या कपाटात गणपतीशेजारी बसवले. राजीव पाहुण्यांना सांगतो, ह्या डिक्शनरीने मावशीची लाइफ सेव्ह केली. पाहुणे हात जोडतात. तीन वर्षांत कोणी एक पान उघडलेले नाही.

परवा मावशी आल्या होत्या. त्या मार्चमध्ये कायमच्या इस्तंबूलला परत जाणार आहेत, एवढे पद्मिनीला खुणांनी कळले. का, कोणाकडे, पुन्हा कधी, हे विचारायला तिला शब्द नव्हते. मी दोन हातांवर, काचेमागे होतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला फुले वाहू नका. माझे अर्धे समास अजून कोरे आहेत. कोणीतरी पद्मिनीला सांगा, काच सरकव, पेन्सिल घे. मावशी अजून शेजारीच आहेत.