ओठ हलवायचे नाहीत

घरात तिला सगळे रेडिओ म्हणत, आणि हे नाव ठेवलं होतं खुद्द सासऱ्यांनी. त्यात टोमणा कमी आणि कौतुक जास्त आहे, असं ती धरून चालत असे. तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी दात घासतानाही थांबत नसे. फेसामुळे शब्द कळत नसत, एवढाच काय तो फरक.

पोटापाण्याचा उद्योगही बोलण्याचाच. एका मोठ्या कंपनीच्या हेल्पडेस्कवर बसून ती लोकांचे अडलेले कॉम्प्युटर फोनवरून मार्गी लावायची. ‘बंद करून परत चालू करा’ हे वाक्य तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की नवऱ्याला ताप आला तेव्हाही तेच तोंडातून निघालं. पण मन मात्र काचेच्या भिंतीपलीकडे, नेटवर्कच्या विभागात गुंतलेलं. तिथली माणसं फोनवर सल्ले देत नसत, तर स्वतः कपाटाएवढी यंत्रं उघडून बिघाड शोधत. तिथे एक खुर्ची रिकामी झाली होती. जेवणाच्या सुट्टीत रेडिओ काचेला नाक लावून ती खुर्ची बघून यायची.

तिच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, “महिनाअखेरपर्यंत नेटवर्कची सर्टिफिकेट परीक्षा पास झालीस तर खुर्ची तुझी. नाहीतर आम्ही बाहेरून माणूस घेणार. आणि हे बघ, तिसरी खेप आहे तुझी. चौथी नाही.”

होय, दोनदा ती आपटली होती. पहिल्या खेपेला तिने पुस्तकातलं महत्त्वाचं तेवढं पिवळ्या पेनने रंगवायला घेतलं आणि शेवटच्या पानापर्यंत अख्खं पुस्तक पिवळंधमक झालं. दुसऱ्या खेपेला शिकवणीचे व्हिडिओ दुप्पट वेगाने बघितले. सर चिमणीसारखे चिवचिवले, हिने मान डोलावली, आणि परीक्षेत फक्त चिवचिवाट आठवला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

खरा अभ्यास सुरू झाला तो एका संध्याकाळी, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना. समोर खुर्चीत सासरे बसले होते. त्यांनी आयुष्यभर केशकर्तनालय चालवलेलं. गिऱ्हाइकाची बडबड ऐकणं त्यांना कैचीइतकंच सरावाचं होतं, आणि रिकाम्या वेळात गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत डुलकी काढणंही. दुकानातल्या पोऱ्याने ‘पुढचं गिऱ्हाईक!’ अशी हाळी दिली की गाढ झोपेतून ताडकन उठून ते ‘या, बसा!’ म्हणत. आता दुकान मुलाच्या औषधांच्या दुकानाशेजारच्या माणसाला देऊन टाकलं होतं, पण झोप आणि पाण्याच्या फवाऱ्याची बाटली दोन्ही घरी आणली होती. बाटलीने ते झाडांना पाणी देत.

“बाबा, तुम्हाला सांगू का, नेटवर्कमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता कसा मिळतो?” तिने विचारलं, आणि पुस्तकातली वाक्यं घडाघडा म्हणून दाखवली. दुसऱ्या वाक्याला बाबा घोरायला लागले.

रेडिओला राग आला. मग ओशाळल्यासारखं झालं, कारण त्या वाक्यांचा अर्थ तिलाही लागला नव्हता. तिने पुस्तक पुन्हा वाचलं, हातातला टॉवेल खाली ठेवला आणि नव्याने सुरुवात केली.

“असं समजा, बाबा, तुमच्या दुकानात चारच खुर्च्या आहेत. गिऱ्हाईक आलं की तुम्ही त्याला खुर्ची देता, पण कायमची नाही, काम होईपर्यंत. उठलं की ती पुढच्याला. नेटवर्कमध्येही तसंच. कॉम्प्युटर आला की त्याला ठरलेल्या मुदतीपुरता पत्ता देतात.”

बाबांचा एक डोळा उघडला. “मग पुढे?”

बस्स! त्या दिवसापासून घरात नियम झाला. रोज संध्याकाळी कपडे, भांडी, भाजी काहीही हातात असो, एक धडा बाबांना सांगायचा. बाबा झोपले तर धडा कच्चा, उद्या परत. ‘मग पुढे?’ म्हणाले तर पक्का. दर रविवारी मागचे सगळे धडे उलटसुलट विचारून घ्यायचे. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते तसं मोकळेपणाने सांगतही. पण झोपेच्या बाबतीत माणूस अत्यंत प्रामाणिक! सुनेला बरं वाटावं म्हणून एकदाही जागे राहिले नाहीत.

हळूहळू बाबा जागे राहू लागले. सराव परीक्षांत मार्क चढू लागले. रेडिओ पलंगावर उभी राहून नाचली, पलंग कुरकुरला, खालच्या मजल्यावरून छताला काठी ठोकली गेली. सगळं कसं छान चाललं होतं.

आणि मग नवऱ्याने सूचना वाचल्या.

नवरा औषधविक्रेता. गोळ्यांच्या खोक्यातला तो घडीचा कागदही शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस. परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर द्यायची होती आणि कॅमेऱ्यातून पर्यवेक्षक नजर ठेवणार होता. आठवडा राहिला असताना नवरा म्हणाला, “अगं, हे वाचलंस का? खोलीत दुसरं कुणी चालणार नाही. दुसऱ्याचा आवाज आला तर परीक्षा रद्द होऊ शकते. आणि उमेदवाराने प्रश्न मोठ्याने वाचायचे नाहीत, पुटपुटायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत.”

“ओठ?” रेडिओ म्हणाली.

“ओठ.”

“माझे?”

तिने लगेच बसून एक सराव प्रश्न मनातल्या मनात सोडवायला घेतला. मन कोरं! प्रश्न समोर, पर्याय समोर, आणि डोक्यात काही म्हणजे काही हलेना. मग जरासे ओठ हलवले, तर उत्तर लगेच हजर. तिला रडू कोसळलं. “अहो, माझा मेंदू तोंडातच आहे हो!”

“असू दे,” बाबा म्हणाले आणि फवाऱ्याची बाटली घेऊन समोर येऊन बसले. “तू सोडव प्रश्न.”

तिने वाचायला घेतलं. ओठ हलले. फुस्स! पाण्याचा फवारा थेट नाकावर.

तो आठवडा त्या घराने कसा काढला, ते शेजाऱ्यांना विचारावं. फुस्स आणि किंकाळी, फुस्स आणि हसू. हिच्या अंगावरचा टॉवेल निघेना. नवऱ्याने लॅपटॉपवर पारदर्शक प्लास्टिक घातलं. एकदा ती नुसती जांभई देत होती तरी फवारा आला, बाबा म्हणाले, “संशयाचा फायदा मी देत नाही.” तिसऱ्या दिवशी तिला युक्ती सापडली. बोलायचंच, पण आत. डोळ्यांसमोर बाबांची खुर्ची आणायची, तिच्यात बाबांना बसवायचं आणि तोंड मिटून सगळं त्यांना सांगायचं. मनातले बाबा झोपले तर पर्याय चुकीचा, जागे राहिले तर बरोबर. शेवटच्या दिवशी ती कोरडी उठली. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या.

परीक्षेच्या सकाळी झोपायच्या खोलीतलं टेबल मोकळं केलं, पाण्याचा ग्लास तेवढा ठेवला, आरशावर चादर टाकली. नवरा इमारतीच्या दाराशी उभा राहिला, कुणी पार्सलवाला वर येऊन बेल वाजवू नये म्हणून. बाबा बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. “मी डोळ्यांत तेल घालून पहारा देतो,” ते म्हणाले, “चिटपाखरू फिरकणार नाही.”

पर्यवेक्षकाचा चेहरा दिसत नव्हता, नुसती अक्षरं उमटत. खोलीच्या चारी भिंती दाखवून झाल्या आणि परीक्षा सुरू झाली. रेडिओ ओठ घट्ट मिटून बसली. मनातले बाबा कधी डुलकी काढत, कधी डोळा उघडत, आणि ती भराभर पुढे सरकत होती. इतकी भराभर की तिला हसू येऊ लागलं, आणि ओठ हलतील म्हणून तेही गिळावं लागलं.

मग तो प्रश्न आला. एका मोठ्या दवाखान्यात रोज शेकडो माणसं येतात, दवाखान्याच्या वायफायला मोबाईल जोडतात आणि तासाभरात निघून जातात. पत्त्याची मुदत आठवड्याची आहे. दुपारनंतर नव्या माणसांचे मोबाईल जोडलेच जात नाहीत. काय कराल? पहिलाच पर्याय: यंत्र बंद करून परत चालू करा.

सवयीने जीभ शिवशिवली. पण तिने मनातल्या बाबांना विचारलं. बाबा घोरले. दुसरा पर्याय, नवी केबल टाका. बाबा जास्त घोरले. तिसरा तिने सांगायला घेतला, तर बाबा असे काही घोरले की टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला.

ग्लास थरथरला? मनातल्या घोरण्याने?

पडद्यावर अक्षरं उमटली. ‘खोलीत दुसरं कोण आहे?’

तेल घातलेले डोळे मिटले होते. पहारेकरी दारामागे बैलगाडी उतारावर सोडावी तसा घोरत होता. जागेवरून उठायची परवानगी नव्हती. खुर्ची, काचेपलीकडची ती खुर्ची, तिला डोळ्यांदेखत लांब जाताना दिसली. तिने घाईघाईने लिहिलं, ‘खोलीत कोणी नाही. दाराबाहेर सासरे झोपले आहेत. एक वाक्य मोठ्याने बोलू का? फक्त एकच.’

घोरणं तेवढं चालू होतं. मग, ‘एकच.’

आठवडाभर दाबून ठेवलेला सगळा आवाज तिने गोळा केला.

“पुढचं गिऱ्हाईक आलं, खुर्ची रिकामी कराऽऽ!”

“या, बसा, बसा!” बाहेरून गर्जना झाली, पाठोपाठ खुर्ची पडल्याचा धडाम आवाज आणि मग एकदम शांतता.

पर्यवेक्षकाने लिहिलं, ‘ठीक आहे. चालू ठेवा.’ आणि थोड्या वेळाने, कुणी हसू आवरून लिहावं तसं, ‘शुभेच्छा.’

पण रेडिओ पडद्याकडे बघतच राहिली होती. खुर्ची रिकामी करा! माणसं तासाभरात उठून गेली होती आणि पत्ते मात्र त्यांच्याच नावावर अडकून पडले होते, कारण मुदत दिली होती आठवड्याची. खुर्च्यांवर रुमाल टाकून गिऱ्हाईकं घरी गेलेली! चौथा पर्याय: पत्त्याची मुदत कमी करा. मनातल्या बाबांनी डोळा उघडला. तिने बटण दाबलं. उरलेले प्रश्न संपले आणि पडद्यावर लगेच निकाल उमटला.

दार उघडलं तेव्हा नवरा धावत वर आला होता आणि बाबा पडलेली खुर्ची उचलून अपराध्यासारखे उभे होते. बाटली हातात, केस विस्कटलेले. “माझ्यामुळे गेली का गं परीक्षा?” त्यांनी विचारलं.

रेडिओने तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाजच येईना. आठवड्याची सवय घट्ट बसली होती. बाबांनी तिच्या ओठांकडे डोळ्यांत प्राण आणून पाहिलं. दुसऱ्यांदा हलल्यावर त्यांना कळलं.

“पास!” ते ओरडले, आणि तिच्यावर, मुलावर, स्वतःच्या डोक्यावर बाटली संपेपर्यंत फवारे मारत सुटले. तिघंही ओलेचिंब होऊन हसत राहिले. खालच्या मजल्यावरून काठी ठोकली गेली, तर नवऱ्याने उलट टाचेने ठोकून दिली.

हसून दमल्यावर बाबांनी डोळे पुसले आणि विचारलं, “मग पुढे?”

“पुढे ती खुर्ची माझी,” ती म्हणाली. आवाज परत आला होता. मग जरा घुटमळून म्हणाली, “आणि बाबा... याच्यावरची आणखी एक परीक्षा असते. जास्त अवघड.”

नवरा मटकन भिंतीला टेकला. बाबांनी खुर्ची उचलली, खोलीत नेली, टेबलासमोर नेहमीच्या जागी ठेवली आणि रिकामी बाटली नवऱ्याच्या हातात दिली. “भरून आण रे,” ते म्हणाले, आणि लख्ख जागे होऊन सुनेसमोर बसले.